ट्विस्ट मोठा करू नका, मधली वीस वर्षं लिहा

तुमचा प्रश्न असा की सूडावरची सायकॉलॉजिकल थ्रिलर लिहिलीये, शेवटी दणदणीत ट्विस्ट टाकलाय, पण ज्यांना वाचायला दिली ते सगळे म्हणतात "झटका लागला, पण पटलं नाही", तर आता ट्विस्ट अजून मोठा करायचा की मागे क्लू वाढवायचे. मी म्हणेन दोन्ही नको. तुमची गडबड शेवटच्या प्रकरणात नाहीचे, ती पहिल्या आणि दुसऱ्या प्रकरणाच्या मधे आहे, जिथे तुम्ही "वीस वर्षांनंतर" एवढं लिहून पुढे गेलात.

मी इंदूरचीच, रामबागेत वाढले, पंचवीस-सव्वीस वर्षं इथल्या हौशी ग्रुपसाठी रहस्यनाटकं लिहिली आणि बसवली, आता आठ वर्षं ऑडिओ सिरीजच्या स्क्रिप्ट दुरुस्त करून देते आणि त्यात निम्म्याहून जास्त सूडाच्याच असतात. म्हणून जे बोलतेय ते तालमीत आणि टेबलावर शिकलेलं आहे, पुस्तकी नाही.

वाचणाऱ्यांसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. २००३ साल, इंदूरमधली एक मराठी पतपेढी, नायिकेचे वडील तिथे रोखपाल. एक लाख चौदा हजारांची अफरातफर त्यांच्या नावावर टाकली जाते, तीन महिन्यांत ते हाय खाऊन जातात. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. वीसएक वर्षांनी ती नाव बदलून पतपेढीच्या तेव्हाच्या चेअरमनच्या, भाऊसाहेबांच्या, मनोरमागंजातल्या घरी त्यांच्या लकवा मारलेल्या बायकोची अटेंडंट म्हणून शिरते. अकरा महिन्यांत मुलगा बापाविरुद्ध उभा राहतो, घराची अब्रू जाते आणि २०२४ च्या पितृपक्षात भाऊसाहेब दुधातल्या झोपेच्या गोळ्यांनी मरतात. शेवटच्या पाच पानांत कळतं की ही ती मुलगी नाहीच, ही तिची जुळी बहीण, जिचा उल्लेख आधी कुठेच नाही.

जुळ्यांबद्दल आधी बोलून टाकू. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लिश रहस्यलेखकाने (तो पाद्रीही होता) रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला शेवटचा हाच आहे, की वाचकाची नीट तयारी करून घेतल्याशिवाय जुळे किंवा हुबेहूब दिसणारी माणसं आणायची नाहीत. पण मी नियमासाठी नको म्हणत नाहीये. जुळी बहीण आल्याने आधीच्या एकाही सीनचा अर्थ बदलत नाही, हे माझं म्हणणं. तिनं भाऊसाहेबांना दूध दिलं, बहीण असली तरी तसंच दिलं असतं. माणूस बदलला आणि गोष्ट तशीच राहिली, म्हणून वाचकाला झटका बसतो आणि लगेच हात रिकामे लागतात.

आता उलट उदाहरण बघा, आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत असलेलं. अंबा. भीष्मांनी तिला स्वयंवरातून उचलून आणली, शाल्वानं परत घेतलं नाही, भीष्मांनीही लग्नाला नकार दिला, आणि तिनं सूडासाठी तप केलं, मरून पुन्हा जन्मली, द्रुपदाच्या घरी शिखंडी झाली. माणूस पुन्हा जन्म घेऊन सूड घेतो याच्याइतकी न पटणारी गोष्ट दुसरी नसेल, तरी ती पटते. का? कारण भीष्म स्त्रीवर शस्त्र उचलणार नाहीत हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे. कुलूप आपण पाहिलेलं असतं, किल्ली घडवायला किती त्रास झाला तेही पाहिलेलं असतं, आणि ज्या माणसाचा सूड घ्यायचाय त्याच्याच प्रतिज्ञेतून त्याचा शेवट येतो. शिवाय अंबेनं मोजलेली किंमत आहे, अख्खा एक जन्म. तुमच्या नायिकेनं काय मोजलंय ते मला तुमच्या हस्तलिखितात सापडलं नाही.

मला हे एका रिटायर्ड पोस्टमनकाकांनी शिकवलं. नव्वदीच्या शेवटी माझं दोन अंकी नाटक झालं होतं, त्यात मेला असं समजलेला धाकटा भाऊ सात वर्षांनी परत येतो आणि कळतं की तो इतके दिवस उज्जैनला राहत होता आणि आई त्याला गुपचूप दर महिन्याला मनिऑर्डर पाठवत होती. टाळ्या चांगल्या पडल्या. प्रयोग संपल्यावर काका विंगेत आले, कौतुक केलं आणि मग अगदी शांतपणे विचारलं, "ताई, तो मनिऑर्डर घेताना सही कोणत्या नावानं करत होता?" मी गप्प. मग म्हणाले, "आणि तिथला पोस्टमन दर महिन्याला त्याच्या दारात पैसे मोजून देतोय, चेहऱ्यानं ओळखतोय, त्याला एकदाही वाटलं नाही हा कोण म्हणून?" त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मी सात वर्षं लिहिली होती ती फक्त एक आकडा म्हणून. पुढच्या प्रयोगाआधी मी तो उज्जैनचा पोस्टमन नाटकात आणला, दोनच सीन, आणि अख्खं रहस्य त्याच्या गप्प राहण्यावर येऊन टेकलं. आधीपेक्षा कितीतरी चांगलं नाटक झालं ते. तेव्हापासून कुठलीही सूडकथा हातात आली की मी पहिला प्रश्न हाच विचारते, मधल्या वर्षांत भाडं कोण भरत होतं, पत्र कुणाच्या पत्त्यावर येत होती, सही कुठली होती.

इथे इंदूरमध्ये तर वाट बघणं म्हणजे काय ते शोधायला लांब जावं लागत नाही. हुकुमचंद मिल ही कापडगिरणी बंद पडली आणि कामगारांची थकलेली रक्कम मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, तीस वर्षांच्या वर गेली, कितीतरी जण त्याआधीच गेले. ही सूडाची गोष्ट नाही, हक्काच्या पैशाची आहे, पण इतकी वर्षं एकच गोष्ट उराशी धरून माणूस जगतो कसा, मुलांची लग्नं करतो, भाजी आणतो, फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो, हे ज्यांनी शेजारपाजारी पाहिलंय त्यांना "वीस वर्षं ती आगीत जळत होती" हे वाक्य खोटं वाटतं. कोणी वीस वर्षं जळत नाही हो. माणूस विसरतो, मग एखाद्या सणाला आठवतं, मग विसरल्याचीच लाज वाटते. सूड त्या लाजेतून येतो.

तर मग मधली वर्षं. नाव बदलण्यापासून सुरू करू, कारण तिथे तुमचं मोठं भोक आहे. तुमची नायिका बनावट कागदपत्रं करून घेते, "एका ओळखीच्याकडून", एका ओळीत. आधार कार्डाचं वाटप सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या नंदुरबारमधल्या टेंभलीपासून सुरू झालं, त्याआधीच्या काळात कथा असती तर एक वेळ चाललं असतं. २०२३ मध्ये एजन्सीमार्फत घरात राहायला येणारी अटेंडंट म्हणजे आधार, पोलिस व्हेरिफिकेशन, सगळं आलं. पण तुम्हाला बनावट काही करायची गरजच नाहीये! मराठी मुलगी आहे ना ती. लग्नात नाव बदललं. आडनाव तर गेलंच, पहिलं नावही गेलं. सासरी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि नऊ वर्षांची जी मुलगी भाऊसाहेबांनी कधी पाहिली असेल ती त्या ताटात समारंभानं, सनईच्या आवाजात नाहीशी झाली. पुढे नवरा गेला किंवा सोडून गेला, तिला काम करावं लागलं, तिनं अटेंडंटचा कोर्स केला, आधारवर सासरचं नाव आहे, व्हेरिफिकेशन स्वच्छ. ती एकही खोटं बोलत नाहीये. हा सीन पहिल्या तीन प्रकरणांत लग्नाची गंमत म्हणून लिहून टाका, तिला नवं नाव आवडत नाही आणि ती रात्री हळूच बोटानं तांदूळ सारखे करते एवढंच दाखवा, वाचक भावनेनं वाचेल आणि पुढे जाईल. क्लू असा लपतो, दुसऱ्या कुठल्यातरी भावनेच्या पोटात. वेगळा काढून ठेवलेला क्लू लगेच दिसतो.

आणि मग भाऊसाहेबांच्या घरी पहिल्याच दिवशी अंथरुणातल्या काकू जडावलेल्या जिभेनं विचारणार, "माहेर कुठलं गं तुझं?" कुठलीही मराठी म्हातारी विचारणारच. तुमच्या हस्तलिखितात हा प्रश्न कोणी विचारतच नाही, तिथेच माझा विश्वास उडाला. विचारू दे. आणि नायिकेनं खरं सांगू दे, "रामबाग." काकू नुसतं बघतात. बास, पुढचा सीन.

काकूंबद्दल जरा थांबते, कारण तुमच्या गोष्टीतली सगळ्यात मोठी ताकद तिथे पडून आहे आणि तुम्ही तिला सामान म्हणून वापरलंय. लकव्याच्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. मी सासूबाईंचं केलंय हे दीड वर्ष, त्यामुळे सांगते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, त्यांचं वजन आपल्या छातीवर घ्यायचं, चादरीची घडी पडू द्यायची नाही, पावडर, मग उशी गुडघ्यांच्या मधे. रात्री अकरा, एक, तीन, पाच. अकरा महिने. शत्रूच्या बायकोचं अंग इतक्या वेळा उचलल्यावर हातांना काहीतरी कळायला लागतं जे डोक्याला नको असतं, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एखाद्या रात्री तीनच्या वेळेला तिला जाणवणार की आज वडिलांची आठवण आलीच नाही, काकूंच्या टाचेवरचा लाल डाग कमी झाला याचा आनंद झाला. थ्रिलर इथे आहे! ती या आनंदावर चिडते आणि म्हणून दुसऱ्या दिवशी मुलाच्या कानात पहिलं विष ओतते. तुमच्याकडे ती सगळं थंड डोक्यानं, ठरल्याप्रमाणे करते, आणि थंड डोक्याच्या माणसावर वाचक विश्वास ठेवत नाही, त्याला फक्त घाबरतो.

आता खरा ट्विस्ट, माझ्या मते तुमच्या गोष्टीतच दडलेला. नऊ वर्षांच्या मुलीनं नक्की काय पाहिलं होतं? तुम्ही लिहिलंय, आदल्या रात्री भाऊसाहेब घरी आले, वडिलांकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, मुलीनं जिन्यावरून पाहिलं. आणि वाचक ते सत्य म्हणून घेतो. पण आठवण अशी नसते. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग विचारला, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. काहींना विचारलं गाड्या "धडकल्या" तेव्हा, काहींना "चक्काचूर झाला" तेव्हा. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली होती का. काच फिल्ममध्ये नव्हतीच. साध्या शब्दाच्या ५० जणांपैकी ७ जण हो म्हणाले, चक्काचूरवाल्या ५० पैकी १६. एका शब्दानं, एका आठवड्यात. तुमच्या नायिकेकडे तर वीस वर्षं आहेत आणि दर पितृपक्षात आईच्या तोंडून तीच गोष्ट.

म्हणून तीन श्राद्धं लिहा. पहिल्या वर्षी आई पान वाढताना सांगते, "त्या रात्री जिन्याखाली दोन जोड चपला होत्या." मुलगी वरून बघत होती, तिला माणसं दिसलीच नव्हती, फक्त चपला. पाचव्या वर्षी आई म्हणते, "एक जोड करकर वाजणारी, साहेबी." अकराव्या वर्षी, "भाऊसाहेबांच्याच त्या." आणि नायिकेच्या मनात आता चपलांच्या वर धोतर, कोट, चेहरा सगळं उभं राहिलंय, तिला शपथेवर सांगता येईल. वाचक ही तीन वाक्यं वाचतो आणि बायका गोष्ट रंगवतात तशी रंगवली असं समजून सोडून देतो. प्रत्येक वेळी तिथे अजून काहीतरी चालू ठेवा, भटजी उशिरा आलेत, कावळा शिवत नाहीये, मामा दक्षिणेवरून बोलतोय.

हो, मामा. तुमच्या कथेत मामा आहे, दोनच ओळीत, वडील गेल्यावर यांना आपल्या घरी घेऊन गेला, तोही त्याच पतपेढीत कारकून. मी वाचताना पेन्सिलीनं गोल केला. वडिलांच्या रिकाम्या खुर्चीवर पुढे कोण बसलं ते तुम्ही लिहिलंच नाहीये. मामा बसला असेल तर? अफरातफर त्याचीच असेल तर? आणि आईला हे पहिल्या दिवसापासून माहीत असेल तर? तिनं खोटं का सांगितलं असेल याला मला मोठी कारणं नको आहेत. ज्याच्या ताटात दोन वेळ जेवतोय, ज्यानं मुलीची फी भरली, उद्या लग्न करून देणार आहे, त्याच्याकडे बोट कसं दाखवणार? दुःख तर कुठेतरी ठेवायला हवं, म्हणून तिनं ते लांबच्या, बंगल्यातल्या माणसाकडे नेऊन ठेवलं, एकेका श्राद्धाला थोडं थोडं. ती दुष्ट नाही. हे कळल्यावर वाचक मागे जाऊन ती तीन वाक्यं पुन्हा वाचेल आणि त्याला आईची भीती वाटेल, कीव येईल, दोन्ही. जुळ्या बहिणीनं हे होत नाही.

फक्त भाऊसाहेबांना धुतल्या तांदळासारखं करू नका. ते त्या रात्री आले नव्हते, पैसेही खाल्ले नव्हते, पण पतपेढीचं नाव जाऊ नये म्हणून चौकशी न करता रोखपालावर ठपका ठेवणाऱ्या कागदावर सही त्यांनीच केली. म्हणजे नायिकेचा सूड अर्धा बरोबर. पूर्ण चुकलेला सूड वाचकाला शिक्षेसारखा वाटतो, पूर्ण बरोबर असला तर पोरकट, अर्धा बरोबर असला की तो रात्रभर सोडत नाही. आणि हे तिला सांगणार कोण? काकू. ज्यांनी "रामबाग" ऐकल्यावर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि नवऱ्याच्या त्या सहीची लाज वाटून गप्प राहिल्या, सेवा करून घेतली.

खुनाबद्दल माझं स्पष्ट मत, काढून टाका. झोपेच्या गोळ्यांनी माणूस दिवा मालवल्यासारखा मरतो हे कथेतच होतं, शिवाय या गोळ्यांपैकी बऱ्याच २०१४ पासून शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधयादीत आहेत, दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं, म्हणजे तुमच्या नायिकेचं नाव तिथे आहेच. रिकाम्या स्ट्रिप तिनं "कचऱ्यात टाकल्या" म्हणे. इंदूरमध्ये! जिथे रोज सकाळी गाडी येते, ओला, सुका, प्लॅस्टिक, घातक असे सहा प्रकार वेगळे द्यावे लागतात आणि चुकीच्या डब्यात टाकलं तर गाडीवाला हाक मारून परत देतो. इंदूरचा वाचक पुस्तक तिथेच बंद करेल. ठेवायचाच असेल खून तर निदान इन्स्पेक्टरच्या तोंडी "तीनशे दोन" नको, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १०३ झालंय, आणि शहरात डिसेंबर २०२१ पासून पोलिस कमिश्नरेट, म्हणजे आयुक्तालय, आहे, त्यामुळे "एसपी साहेब" ही जातील.

पण मी खून काढा म्हणतेय त्याचं कारण पोलिस नाहीत. सूड पुरा झाल्यावर तुमची नायिका "वीस वर्षांत पहिल्यांदा शांत झोपली" असं तुम्ही लिहिलंय. २००८ मध्ये कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा प्रयोग केला होता, पैशाच्या खेळात दगा देणाऱ्याला शिक्षा करायची संधी काहींना दिली, काहींना नाही. सगळ्यांना वाटत होतं शिक्षा केली की बरं वाटेल. ज्यांनी केली त्यांना जास्त वाईट वाटलं, कारण ते त्याच माणसाचा विचार करत बसले, बाकीचे विसरून गेले. म्हणजे ती झोपणार नाही. अकरा, एक, तीन, पाच, ती उठणार, कूस बदलायला कोणी नसताना.

जाता जाता एक, तुम्ही मेलमध्ये विचारलंय की दोन व्यक्तिमत्त्वांचा आजार दाखवला तर चालेल का. कृपया नको. तो खरा आजार आहे, लहानपणीच्या भयंकर छळातून आलेला बऱ्याचदा, त्या लोकांना स्मृतीत खंड पडतात, रोजचं जगणं अवघड होतं, आणि त्यांना खुनी म्हणून वापरून वापरून आपण लेखकांनी त्यांचं खूप नुकसान केलंय.

आता काम असं करा. भाऊसाहेबांच्या घराला सातव्या प्रकरणाआधी हात लावू नका. आधी तांदळाचं ताट, मग तीन श्राद्धं, मामाच्या घरातली वर्षं, त्यात मामी कधी काय टोचून बोलते, दिवाळीला कुणाला नवे कपडे आणि कुणाला जुने, अटेंडंटच्या कोर्सचा पहिला दिवस. लिहिताना शेवट डोक्यात आणू नका. हे झालं की ती मनोरमागंजच्या फाटकातून आत जाईल ते प्रकरण नव्यानं लिहा, आणि मला बाकी काही नको, त्यातला पहिल्या रात्रीचा तीन वाजताचा सीन तेवढा पाठवा, ज्यात ती काकूंच्या खांद्याखाली पहिल्यांदा हात घालते.